'पूरक' आणि 'खुराक' : ड जीवनसत्त्वाविषयीच्या मराठी लेखनाचा अर्थविचार

खेळाडूंच्या आहाराविषयी मराठीत अलीकडे जे विपुल लेखन होत आहे, त्यात ड जीवनसत्त्वाचा विषय वारंवार येतो. भाषेच्या अभ्यासकास त्यात एक गोष्ट सहज जाणवते. मूळ संशोधनातील संकेतार्थी उपवाक्य मराठीत उतरताना बहुधा गळून पडते. 'न्यूनता असेल तर पूरक मात्रेने स्नायूंच्या कार्यास साहाय्य होऊ शकते' या विधानाचे 'ड जीवनसत्त्वाने ताकद वाढते' असे रूप होते. (ही वाक्ये नमुन्यादाखल आम्हीच रचली आहेत, या धाटणीची वाक्ये वाचकांनी पुष्कळ पाहिली असतील.)

दुसऱ्या वाक्यातील 'ने' हा प्रत्यय पाहण्यासारखा आहे. 'रामाने झाड तोडले', 'कुऱ्हाडीने झाड तोडले', 'पावसाने पीक कुजले' : कर्ता, करण आणि हेतू या तिघांनाही एकच प्रत्यय. त्यामुळे ताकद नेमकी कशामुळे वाढली, हे वाक्य सांगतच नाही. वस्तुतः ती वाढते भारव्यायामाने, म्हणजे स्नायूंवर क्रमाक्रमाने अधिक भार घातल्याने. जीवनसत्त्व ही त्या क्रियेच्या अनेक अटींपैकी एक अट होय. अटीला कर्त्याच्या आसनावर बसविण्याची सोय विभक्तीने करून दिली आणि लेखकांनी ती आनंदाने घेतली.

शब्दाचाही दोष आहेच. कासिमिर फुंक यांनी १९१२ साली जो शब्द घडविला, त्यात 'जीवन' या अर्थाच्या लॅटिन शब्दाला 'अमाईन' हे रसायनाचे नाव जोडलेले होते. मराठीने पूर्वपद इमानाने घेतले. उत्तरपदाच्या जागी मात्र 'सत्त्व' आले. नाचणीचे सत्त्व, गुळवेलीचे सत्त्व, 'निःसत्त्व' म्हणजे दुबळा : या परिवारात वावरणारा शब्द ऐकताच बलाची कल्पना मनात येणारच. त्यातून आपल्या तालमीतला 'खुराक' जुना. दूध, बदाम, तूप यांना कमतरतेची अट नसते. पचेल तितके घ्यावे, हाच तेथील नियम. 'पूरक' या शब्दात मात्र भरणे हा धात्वर्थ आहे आणि भरण्यासाठी आधी पोकळी असावी लागते. मराठी लेखक लिहितात 'पूरक', पण वाचकापर्यंत पोचतो तो 'खुराक'.

ग्रॅम क्लोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेली दोन संशोधने येथे उद्बोधक आहेत. एकात मोजक्या खेळाडूंना आठ आठवडे रोज ५,००० एकके दिल्यावर उडी व धाव यांत सुधारणा दिसली. त्यांची सुरुवात अगदी खालच्या पातळीवरून होती. दुसऱ्यात बारा आठवडे दर आठवड्यास २०,००० वा ४०,००० एकके देऊनही, रक्तातील प्रमाण वाढले तरी वजन उचलण्याची शक्ती व उडी यांत फरक पडला नाही. त्यांची सुरुवात तुलनेने वरच्या पातळीवरून झाली होती. पहिल्या संशोधनाचे मराठीकरण सोपे. दुसऱ्यासाठी 'तरी' आणि 'नाही' लागतात, आणि असली वाक्ये मथळ्यात शोभत नाहीत.

'न्यूनता' हा शब्दही स्थिर नाही. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली दर मिलिलिटर रक्तद्रवात २० नॅनोग्रॅम ही तिची सीमा मानली होती. २०२४ च्या मार्गदर्शिकेत त्या सीमेचा पुरस्कार सोडून दिला. तेव्हा 'कमतरता आहे' एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या मापाने, तेही लिहावे लागते.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते व शरीरात साचते. अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस इजा होते. आपल्याकडे ६०,००० एककांची पुडी वा गोळी मिळते, ती वैद्य सामान्यतः आठवड्यातून एकदा घ्यावयास सांगतात. प्रौढांसाठी रोजची ४,००० एककांची वरची मर्यादा अमेरिकेत २०११ च्या अहवालात घातलेली आहे. तीच पुडी खुराक समजून रोज घेणारा तरुण त्या मर्यादेच्या पंधरापट घेत असतो, आणि त्याने वाचलेल्या लेखात 'आठवड्यातून एकदा' हे क्रियाविशेषण पुष्कळदा नसतेच.