झोलाची मायूद

एमील झोला ह्या फ्रेंच कादंबरीकाराच्या, १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'जर्मिनाल' ह्या कादंबरीविषयीं जें लिहिलें जातें, त्यांत बहुधा संपाचें वर्णन असतें, खवळलेल्या जमावाचें असतें, आणि माणसें गिळणाऱ्या श्वापदासारख्या 'व्होरो' खाणीचें तर असतेंच. ह्या गलबल्यांत एका गृहिणीकडे जावें तितकें लक्ष जात नाहीं; आणि गेलें तर तिच्याविषयीं एक ठराविक मत ऐकूं येतें. तें असें कीं, आरंभीं शहाणी, जपून वागणारी, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत असलेली ही संसारी बाई उपासमारीनें व शोकानें पालटून शेवटीं बंडखोर बनते. प्रस्तुत लेखकास हें मत मान्य नाहीं. ती पालटत नाहीं. ती कादंबरीभर एकच काम करीत असते, आणि तें म्हणजे घरचा हिशेब.

तिच्या नांवापासूनच पाहूं. नवरा मायू, म्हणून ही मायूद. आपल्याकडे पाटलाची ती पाटलीण, कुळकर्ण्याची ती कुळकर्णीण, तशांतलाच हा प्रकार. तिचें स्वतःचें नांव वाचकाच्या स्मरणांत राहत नाहीं. कंपनीनें बांधलेल्या, 'दोनशें चाळीस' ह्या नुसत्या आंकड्यानें ओळखल्या जाणाऱ्या वस्तींत तिचा संसार आहे. घरांत सात मुलें, म्हातारा सासरा, आणि दर पंधरवड्यास हातीं येणारी मजुरी. पहांटे चार वाजतां घर जागें होतें. थोरली मुलगी कातरीन कालच्याच कॉफीच्या चोथ्यावर पुन्हां पाणी ओतते. मायूद तान्ह्या मुलीला पोटाशीं धरून, पगाराला अजून किती दिवस आहेत हें मोजीत असते. खाणींतून माणसें काळीं होऊन परतलीं कीं स्वयंपाकघरांतल्याच पिंपांत त्यांचें स्नान. नवऱ्याची पाठ ती स्वतः चोळून देते. मांसाचा तुकडा त्याच्यासाठीं राखलेला, आणि धाकटीं दोन मुलें त्याच्या ताटाकडे टक लावून उभीं. झोलाच्या लेखणीला एरवीं भडक रंगांची हौस फार. येथें मात्र ती कमालीची संयमी आहे, आणि हीं पानें मला त्याच्या सर्व जमावांहून मोलाचीं वाटतात.

तथापि ही कोणी वात्सल्यमूर्ति नव्हे. थोरला मुलगा झाकारी ह्याला एका मुलीपासून दोन अपत्यें झालीं आहेत, तरी मायूद त्याचें लग्न लांबवीत राहते. कारण लग्न झालें कीं त्याची मजुरी ह्या घरांतून गेली. कातरीन एका उर्मट तरुणाबरोबर घर सोडून जाते, तेव्हां आईला अब्रूपेक्षां बुडालेल्या कमाईचें दुःख अधिक होतें. आपल्या कौटुंबिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकास हें कठोर वाटेल. पण प्रेम आणि मजुरी हीं जेथें एकाच भांड्यांत शिजतात, तेथें तीं निवडून वेगळीं काढण्याची चैन झोला करीत नाहीं.

कादंबरीतील सर्वांत मर्मभेदक प्रसंग माझ्या मतें गोळीबाराचा नव्हे, याचनेचा आहे. घरांत पैसा उरला नाहीं म्हणून मायूद धाकट्या दोघांना हातीं धरून ग्रेग्वार कुटुंबाच्या बंगल्यावर जाते. पूर्वजानें घेतलेल्या खाणीच्या भागावर पिढ्यान् पिढ्या सुखानें जगणारें हें घराणें मनानें मुळींच वाईट नाहीं; आपल्या एकुलत्या एका मुलीवर जीव टाकणारीं तीं आईबापें. हिला हवे असतात पांच फ्रँक. तीं देतात गरम कपडे, आणि मुलांच्या हातीं गोड पाव. गरिबांस रोख पैसा द्यावयाचा नाहीं, ते तो दारूंत घालवितात, असा त्या घरचा नियम. हा नियम आपण प्रथमच ऐकतों आहोंत, असें म्हणण्याचें धैर्य आपणांपैकीं कितीजणांस होईल? प्रस्तुत लेखकास तरी झालें नाहीं. दोन्ही घरें कुटुंबवत्सलच; आणि एका घराचा खर्च दुसऱ्या घराच्या पाठीवरून चालतो.

पुढें कंपनी कोळशाच्या गाड्यामागील दर उतरविते आणि आधाराचीं लांकडें बसविण्याची मजुरी वेगळी देण्याचें ठरविते. ही दडवलेली कपात पुढारी एत्येन व्याख्यानांतून समजावतो. मायूदला ती पाव कापतांनाच समजते. संप लांबतो. आल्झीर ही नऊ वर्षांची कुबडी मुलगी, त्या घरांतली जणूं दुसरी गृहिणीच, भुकेनें मरते. नवरा शिपायांच्या गोळीनें मरतो. एत्येन कच खाऊं लागतो, पण ही माघार घेऊं देत नाहीं. टीकाकार ह्यास परिवर्तन म्हणतात. मला तेथें तोच जुना हिशेब दिसतो: एवढें देऊन झाल्यावर कमी दरानें खालीं उतरावयाचें, तर दिलेलें सर्व बुडालें.

झोला सर्वत्र यशस्वी झाला आहे असें मात्र नव्हे. १८८४ च्या फेब्रुवारींत आंझँ येथील संपाच्या वेळीं तो टिपणवही घेऊन खाणींत उतरला होता. पण पाहुणा तो पाहुणाच. जमावांतील बायकांना तो हिंस्र कळपासारखें रंगवितो, तेथें त्याचें पाहणें संपतें आणि भय सुरू होतें. 'जर्मिनाल'च्या प्रकाशनाच्याच सालीं इंग्लंडांत ईस्टवुड येथें एका खाणकामगाराच्या घरीं जन्मलेल्या डी. एच. लॉरेन्सची १९११ सालीं प्रसिद्ध झालेली, शेवंतीच्या फुलांच्या वासावरून नांव दिलेली लघुकथा ह्यासंबंधांत वाचून पाहावी. नवरा दारूच्या गुत्त्यांत असेल म्हणून रागानें वाट पाहणाऱ्या एलिझाबेथ बेट्सपुढें त्याचें गुदमरून मेलेलें, अंगावर जखमही नसलेलें प्रेत येतें; तें सासूसह धूत असतांना तिला कळून चुकतें कीं, ह्या माणसाला आपण कधीं ओळखलेंच नव्हतें. मायूदच्या मनाच्या ह्या खोलींत झोला कधीं शिरला नाहीं. उलट, लॉरेन्सच्या कथेंत खाणीला मालकच नाहीं.

शेवटीं एत्येन गांव सोडतांना मायूद त्याला खाणीपाशीं भेटते. झाकारी स्फोटांत गेला, कातरीन पाण्यानें भरलेल्या खाणींत गेली. जो खालीं उतरेल त्याचा गळा दाबीन म्हणणारी ही चाळिशींतली बाई आतां पुरुषी कपडे घालून स्वतःच उतरते आहे. कंपनीनें दया म्हणून तिला काम दिलें आहे: तापलेल्या बोगद्याच्या टोकाशीं दहा तास पंख्याचें चाक फिरवावयाचें, मजुरी तीस सू, म्हणजे दीड फ्रँक. ग्रेग्वारांकडे मागितलेले ते पांच फ्रँक मिळविण्यास तिला तीन दिवसांहून अधिक राबावें लागेल. एत्येनला ती दोष देत नाहीं. धाकटीं दोन मुलें अजून लहान आहेत. त्यांना खाणींत उतरावयास आणखी चार-पांच वर्षें लागतील, हें तिनें मोजून ठेवलेलें आहे.