दोन सेकंदांतले वॉटसन हॉटेल

मुंबईच्या काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलचा इतिहास बहुधा लोखंडापासून सुरू होतो. जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याकडून आराखडा करवून घेतला, खांब-तुळया इंग्लंडमध्ये बनवून घेतल्या, त्या जहाजाने आणवल्या आणि १८६०च्या दशकाच्या अखेरीस पाच मजली सांगाडा उभा केला. सगळा भार सांगाड्यावर. भिंती नुसत्या भरावाच्या. त्या भिंतींच्या आत माणसे कशी वागत होती, हे मात्र अमेरिकन लेखक मार्क ट्वेनच्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या १८९७ सालच्या प्रवासवर्णनात वाचावे लागते.

दिवाळे निघालेला साठीचा ट्वेन कर्ज फेडण्यासाठी व्याख्याने देत जगभर फिरत होता. जानेवारी १८९६मध्ये तो पत्नी आणि मुलीसह मुंबईत आला आणि वॉटसनमध्ये उतरला. हॉटेलातला पहिला प्रसंग तो हसत-खेळत सांगतो. खोल्या वरच्या मजल्यावर, दर्शनी बाजूला. सामान घेऊन नोकरांची मिरवणूकच वर येते. प्रत्येकाच्या हाती एकच वस्तू : कुणाकडे ओव्हरकोट, कुणाकडे छत्री, कुणाकडे सिगारची पेटी, कुणाकडे कादंबरी. शेवटच्याकडे फक्त पंखा. वस्तू हलक्या होत जातात तसा विनोद चढत जातो. मिरवणुकीत हसत मात्र कुणीच नाही. तांब्याचे नाणे मिळेपर्यंत प्रत्येक जण शांतपणे थांबतो, कपाळाला हात लावतो आणि जातो.

आपण हसत असतानाच दृश्य बदलते. सज्ज्याकडे उघडणाऱ्या मोठ्या काचेच्या दाराचे काहीतरी काम निघते. एक नोकर गुडघे टेकून ते करू लागतो. सोबत आलेल्या धिप्पाड जर्मन माणसाला त्याचे काम पसंत पडत नाही. तो त्याच्या गालफडात लगावतो आणि मग काय चुकले ते सांगतो. आधी थप्पड, मग खुलासा : या क्रमातच ट्वेनचे बरेचसे भाष्य आहे. सगळ्यांदेखत असे करणे लाजिरवाणे वाटले, इतकेच तो म्हणतो. नोकराच्या चेहऱ्यावर रागाची रेषाही उमटली नाही, हेही नोंदवतो. इथे वाचक मागे वळतो. मिरवणुकीतले ते न हसणे मघाशी गमतीचे वाटले होते. आता ते अंगवळणी पडलेल्या धाकाचे वाटू लागते. तपशील तोच, पण त्याचा रस पालटतो.

त्या थपडेसरशी ट्वेन पन्नास वर्षे मागे, मिसुरीतल्या आपल्या गावी जातो. त्याचे वडील सभ्य आणि दयाळू. मुलावर त्यांनी हात उगारला तो दोनदाच. पण घरातल्या लुइस या गुलाम पोराला मात्र ते क्षुल्लक चुकांसाठी अधूनमधून चापट्या मारत. मग आणखी एक आठवण : एकाने काम नीट जमले नाही म्हणून गुलामाच्या डोक्यात खनिजाचा दगड घातला, तासाभरात तो मेला. गावात कुणालाही ते रुचले नाही, पण फारसे कुणी बोललेही नाही. क्रौर्य दुष्टांपुरते ठेवण्याची सोय लेखक स्वतःला देत नाही. ते तो वडिलांच्या सज्जनपणाशेजारी आणून बसवतो. मुंबईतल्या खोलीत आपण तरी काही बोललो, असेही तो कुठे सांगत नाही.

लगेच तो परत येतो, तेव्हा नोकराच्या गालाची झिणझिण अजून थांबलेली नसते. मुंबई ते मिसुरी आणि परत, हा सारा प्रवास घड्याळी दोन सेकंदांचा, असे तो म्हणतो. आज आपण याला सहज ‘फ्लॅशबॅक’ म्हणू. गंमत अशी की याच हॉटेलात सहाच महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. त्या चित्रांना अजून काळात मागे उडी मारता येत नव्हती. ट्वेनच्या गद्याला ती येत होती.

पुढे कावळे येतात. सज्ज्याच्या कठड्यावर बसून ते ट्वेनच्या कपड्यांची, रंगाची, चारित्र्याची चिकित्सा करतात आणि हा अजून फासावर कसा गेला नाही याचे नवल करतात. थपडेनंतरचा हा विनोद निव्वळ विसावा नाही. आल्यापासून इथल्या माणसांना न्याहाळणारा पाहुणा आता स्वतः तपासला जातो आहे. उणीव एकच, पण मोठी : लुइसला नाव आहे, कावळ्यांना वाचा आहे, गुडघे टेकलेल्या मुंबईकराला दोन्ही नाही.

पुढे हॉटेल बंद पडले, इमारत एस्प्लनेड मॅन्शन झाली, खोल्यांत कार्यालये आली. २००५मध्ये एक भाग कोसळला. २०१९मध्ये ती रिकामी करण्यात आली. तिच्या लोखंडाच्या जतनाची चर्चा व्हायलाच हवी. पण ‘मार्क ट्वेन इथे उतरला होता’ एवढे अभिमानाने सांगून थांबणारा इतिहास अर्धाच आहे. त्याने इथे काय पाहिले, आणि पाहताना त्याला स्वतःचेच घर का आठवले, हेही त्या इतिहासात यायला हवे.