महाजालावरील खानदेशी मराठी : शुद्धलेखन, टंकनदोष आणि पाठाची पडताळणी

महाजालावर मराठी मजकूर विपुल झाला असला, तरी त्याच्या शुद्धतेविषयीची चर्चा बहुधा ऱ्हस्व-दीर्घाच्या तक्रारीपुरती मर्यादित राहते. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील साहित्याच्या संदर्भात ती अपुरी पडते. प्रमाण मराठीच्या दृष्टीने अशुद्ध दिसणारे रूप येथे टंकनातील चूक असू शकते, तसेच बोलीतील अगदी बिनचूक रूपही असू शकते. हा भेद कशाच्या आधारे ठरवावयाचा, हा प्रश्न शुद्धलेखनाचा नसून पाठनिश्चितीचा आहे, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे. (ज्या प्रदेशाचे नावच ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ असे दोन प्रकारे लिहिले जाते, तेथे हा प्रश्न उपस्थित व्हावा यात नवल नाही.)

या दृष्टीने बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कवितेचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओठांवरची कविता पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवली आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणजे या कवितेला कवयित्रीच्या हस्ताक्षरातील प्रत मुळातच नाही. तिचे पहिले लेखन हेच एका परीने श्रुतलेखन आहे. अशा कवितेचा ‘मूळ’ पाठ म्हणून छापील आवृत्तीखेरीज दुसरा आधार उरत नाही आणि महाजालावर नेमका तोच आधार सुटतो. आवृत्ती न सांगता कविता टंकित होते, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उतरते आणि प्रत्येक उतरणीत एखादा शब्द ‘सुधारला’ जातो.

ही सुधारणा कशी घडते ते पाहण्यासारखे आहे. संगणकीय शुद्धलेखन-तपासनीस प्रत्येक शब्द आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि यादीत नसलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. बहिणाबाईंच्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळा’ तेथे ‘डोया’ होतो आणि ‘ओढाळ’ हा शब्द ‘वढाय’ होतो. यादी प्रमाण मराठीची असेल तर ही रूपे तिला चुकीची वाटणारच. याउलट ‘काळा’ या अर्थाचा ‘काया’ हा शब्द यंत्राला खटकत नाही, कारण शरीर या अर्थाने तो यादीत असतो. धुळ्याकडील अहिराणीतील ‘मना’ म्हणजे ‘माझा’. तोही ‘मन’ या नामाचे सामान्यरूप म्हणून सुखरूप सुटतो. म्हणजे यंत्र बरोबर रूपाला हटकते आणि जेथे वाचकाचा अर्थ चुकण्याचा संभव आहे तेथे गप्प राहते. प्रमाण मराठीतही ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील घोटाळा केवळ यादीवरून पकडता येत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

‘पानी’ हे रूप तर अधिकच पेचात टाकणारे आहे. रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटविणाऱ्या अनेक टंकनपद्धतींत लहान लिपीतील एन दाबला की ‘न’ उमटतो. ‘ण’ हवा असेल तर मोठ्या लिपीतील एन दाबावा लागतो. घाईत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. सिंचनावरील लेखात ही निःसंशय चूक ठरते. खानदेशी कवितेत मात्र तेच रूप बोलीचे असू शकते. दोन्हींचे दृश्य स्वरूप एकच, कारण मात्र सर्वस्वी भिन्न. येथे नियम उपयोगी पडत नाही, प्रतच पाहावी लागते.

नियमांची स्थितीही तपासून पाहणे आवश्यक आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या १४ नियमांत १९७२ साली ४ नियमांची भर पडली. केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरपूर्व गद्य मूळानुसार छापावे, त्यानंतरचे लेखन मात्र या नियमांना अनुसरून छापावे, असे या नियमावलीत म्हटले आहे. या तरतुदीचा शब्दशः अर्थ घेतल्यास ‘दासबोध’ सुरक्षित राहतो आणि बहिणाबाई उघड्यावर पडतात. पद्यातील सवलत ऱ्हस्व-दीर्घापुरती आहे, पात्राच्या तोंडच्या भाषेची सवलत ‘असं केलं’ अशा रूपांपुरती आहे. ‘ळ’च्या जागी येणाऱ्या ‘य’ला यांपैकी कशातच जागा नाही. नियमकर्त्यांसमोर प्रमाण भाषा होती, बोलीतील कविता नव्हती, हे उघड आहे. छापील ग्रंथात ही उणीव संपादकाच्या विवेकाने भरून निघाली. महाजालावर संपादकच नसतो.

वस्तुतः पडताळणीची परंपरा याच प्रदेशात आहे. ‘दासबोधा’च्या १९ व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर सुवाच्य व सारखे असावे, काना-मात्रा-वेलांटी नीट साधावी, आरंभापासून शेवटपर्यंत ग्रंथ एकटाकी दिसावा, असा त्याचा आशय. हा ग्रंथ संपादित करताना धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीचा आधार घेतला. वि. का. राजवाडे यांचे देहावसान १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच झाले आणि लगेच पुढच्या वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसल्याने मोडी कागद बाळबोधीत उतरविणाऱ्याला प्रत्येक वेलांटीपाशी निर्णय घ्यावा लागे. आजच्या टंकलेखकासमोरचा पेच त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की त्या संशोधकांना आपण निर्णय घेत आहोत याची जाणीव होती.

तथापि बोलीच्या नावाखाली प्रत्येक दोषाला अभय देणे हाही तितकाच मोठा प्रमाद होय. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘कविता’ची ‘किवता’ आणि ‘धर्म’चा ‘धमर्’ झालेला आढळतो. हे कोणत्याही बोलीचे रूप नव्हे. ‘ऱ्या’ हे अक्षर दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिले जाते. डोळ्यांना ते सारखेच दिसते, पण शोधयंत्रणेने हा भेद सांभाळला नसेल, तर ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द असूनही सापडत नाही. दुसरीकडे, खानदेशी म्हणजे अहिराणी असे सरसकट गृहीत धरून जळगाव भागातील लेवा बोलीच्या रूपांना अहिराणी प्रत्यय लावणारा ‘दुरुस्तीकार’ यंत्राइतकाच घातक ठरतो. दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच शब्दयादी करण्याची सूचना म्हणूनच स्वीकारार्ह वाटत नाही.

२०१८ पासून ज्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे, त्याच्या परिसरातील शोधनिबंधांतून तरी त्यांची कविता आवृत्तीचा निर्देश करून उद्धृत व्हावी आणि परीक्षकाने अवतरण ग्रंथाशी ताडून पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. कानबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या यांचा प्रश्न याहून कठीण आहे. त्या आता काही वेळा प्रथमच लिहिल्या जातात आणि त्याही थेट भ्रमणध्वनीवर. तेथे ताडून पाहण्यास ग्रंथ नाही. गाणाऱ्या बाईच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण हीच तेथील प्रत होय, आणि टंकित पाठासोबत ते जतन करण्याची तरतूद संकलकाने आरंभीच केली पाहिजे.