पाच खुणा आणि एक मीटर

हरित लेखापरीक्षणाचा अहवाल हा आपल्याकडचा एक नवा गद्यप्रकार आहे असे म्हटले, तर साहित्याचे वाचक हसतील. पण या प्रकाराला ठरलेली रचना आहे, ठरलेली शब्दकळा आहे, नांदी आहे आणि भरतवाक्यही आहे. सुरुवातीला वसुंधरेविषयी एक परिच्छेद, मग संस्थेचा गौरवशाली इतिहास, मग झाडांची यादी, मग दिव्यांची यादी आणि शेवटी समाधान. अधूनमधून अक्षांश-रेखांश छापलेली रंगीत छायाचित्रे. गेली काही वर्षे मराठवाड्यातल्या महाविद्यालयांचे आणि इतरत्रच्या काही विद्यापीठांचे असे अहवाल मी मिळतील तसे वाचत आलो आहे. मी अभियंता नाही, प्राध्यापकही नाही. विजेचे बिल कसे वाचायचे हे मी माझे मीच शिकलो. त्यामुळे असेल, पण वाचताना एक बाळबोध प्रश्न मला सोडत नाही: पानोपानी ‘बचत’ हा शब्द येतो, मग बचतीचा आकडा कुठे आहे?

बचत म्हणजे वजाबाकी. वजाबाकीला दोन आकडे लागतात, मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा. बहुतेक अहवालांत एकच आकडा असतो, आणि तोही वापराचा नसतो. इतके दिवे, इतके पंखे, इतके संगणक, प्रत्येकाचे इतके वॅट आणि सगळ्यांची बेरीज. याला जोडभार म्हणतात. घरात किती भांडी आहेत हे मोजून घरात किती स्वयंपाक होतो हे सांगावे, तसा हा प्रकार आहे. एका अहवालात तर मधल्याच पानावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचे नाव तसेच राहून गेले होते. लिहिणाऱ्याच्या ते लक्षात आले नाही, सही करणाऱ्यांच्याही नाही. ज्या लेखनाला वाचकच अपेक्षित नाही, त्याचे असे होणारच.

मग हे लेखन होते कुणासाठी? १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकसाठी, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेसाठी. २०१७ च्या सुधारित चौकटीत एकूण १००० गुणांपैकी १०० गुण सातव्या निकषाला आहेत आणि पर्यावरणाचे प्रश्न त्यात येतात. ऊर्जेविषयीचा प्रश्न बहुपर्यायी आहे. संस्थेत यांपैकी काय आहे: सौरऊर्जा, बायोगॅस, ग्रिडला वीज देण्याची सोय, सेन्सरवर चालणारी वीजबचत, एलईडी दिवे किंवा कमी वीज खाणारी उपकरणे? चार किंवा पाचही असतील तर उत्तम, तीन असतील तर त्याखाली, आणि असे उतरत शेवटी ‘एकही नाही’. पुरावा म्हणून छायाचित्रे जोडायची.

हा प्रश्न नीट वाचला की सगळ्या अहवालांची गुरुकिल्ली हाती लागते. प्रश्न ‘काय आहे’ असा आहे, ‘किती लागते’ असा नाही. त्यामुळे विकत घेतलेली प्रत्येक वस्तू उत्तरात बसते आणि न वापरलेला एकही युनिट बसत नाही. ज्या संस्थेने दोनशे एसी बसवले आणि गच्चीवर थोडे पॅनेलही बसवले, तिला खूण मिळते. जिने एसी लावलाच नाही, तिच्यासाठी रकाना नाही. एक मात्र मान्य केले पाहिजे. या प्रश्नामुळेच कित्येक गच्च्यांवर पॅनेल चढले, जुन्या ट्यूब गेल्या. एरवी तो ठराव व्यवस्थापनासमोर दहा वर्षे पडून राहिला असता. प्रश्नाने काम केले, पण अर्धेच.

उरलेल्या अर्ध्याचा हिशेब कागदावर करता येतो. चोक असलेली जुनी ट्यूब साधारण ५२ वॅट घेते, तिच्या जागी आलेली एलईडी २०. म्हणजे एका ट्यूबमागे वाचले ३२ वॅट. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. सत्तेचाळीस ट्यूबची बचत एका केबिनमधला एक एसी खातो. अहवालात ट्यूबचा फोटो असतो, केबिनचा नसतो. जुना पंखा ७५ वॅटचा आणि नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा तिशीच्या आतबाहेर. वर्गावर्गांतून दिवसभर फिरणाऱ्या पंख्यांत खरी बचत दडलेली आहे, पण पंख्याचे छायाचित्र काही देखणे येत नाही.

सौर पॅनेलची गोष्ट आणखी फसवी. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. ती वीज आवारातच वापरली गेली की महावितरणच्या मीटरवर दिसत नाही. बिल उतरते, व्यवस्थापन खूश होते आणि ‘वीज फुकटच आहे’ म्हणत आणखी चार एसी येतात. एकूण वापर वाढलेला असतो आणि अहवालात मात्र बिल घटल्याचा आलेख. वापर कळायचा तर बिलातले युनिट आणि पॅनेलच्या मीटरवरचे युनिट यांची बेरीज करून त्यातून ग्रिडला दिलेले युनिट वजा करावे लागतात, मग त्याला इमारतीच्या चौरस मीटरांनी भागावे लागते. केंद्राचा ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली उभा राहिलेला ऊर्जा दक्षता ब्यूरो इमारतींची तारांकित प्रतवारी याच भागाकारावर करतो: दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट. रीत काही नवी नाही. आमच्या अहवालांना ती अजून माहीत व्हायची आहे.

पण मला सर्वांत जास्त खटकते ती या अहवालांची भूगोलाबद्दलची बेफिकिरी. ठाण्यातला अहवाल आणि छत्रपती संभाजीनगरातला अहवाल शेजारी ठेवला तर कोणता कुठला हे नाव झाकल्यावर सांगता येणार नाही. आणि हे शहर तर असे, की इथे पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय विजेचा हिशेब पुरा होतच नाही.

पैठणच्या नाथसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. शहराची उंची साधारण ५६८. म्हणजे नळाला येणारा जवळपास प्रत्येक थेंब शंभर मीटर वर चढवून, फारोळ्याला शुद्ध करून, पंपांनी ढकलत इथवर आणलेला असतो. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला शुद्ध गणिताने ०.२७ युनिट लागते. पंपाची झीज आणि लांब नळातले घर्षण धरले तर त्याची दुप्पट सहज होते. आता एक वसतिगृह कल्पनेने घ्या: तीनशे विद्यार्थी, माणशी शंभर लिटर, दिवसाचे तीस हजार लिटर. गच्चीवरच्या टाकीत चढवण्याचा पंप वेगळा, तो सोडून देऊ. नाथसागरापासून शहरापर्यंतचाच खर्च दिवसाला सोळा युनिट. चार किलोवॅटचे पॅनेल दिवसभर तापून जेवढे देते तेवढे. या वसतिगृहाचे पाणी चौथ्या हिश्शाने कमी झाले, तर न विकत घेतलेले एक किलोवॅटचे पॅनेल गच्चीवर चढल्यासारखे आहे. हा खर्च महानगरपालिकेच्या बिलात पडतो, संस्थेच्या बिलात नाही, म्हणून कुठल्याही ऊर्जा लेखापरीक्षणात तो दिसत नाही. पाण्याचे प्रकरण वेगळे, विजेचे वेगळे, मधे एक कोरे पान. त्यात आणखी गंमत अशी, की पॅनेलवर आमची धूळ बसते आणि ती धुवायला पुन्हा तेच पाणी लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात उभे राहून हे गणित केले तर ते जास्त बोलते. २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर सव्वासातशे एकरांचा. मागे डोंगर, डोंगरात औरंगाबादची लेणी, पायथ्याला सोनेरी महाल. शहराच्या याच उत्तर अंगाच्या डोंगरांतून मलिक अंबरने खडकीला पाणी आणले. खडकी त्याने १६१० मध्ये वसवली. नहर-ए-अंबरीत जमिनीखालच्या नळांतून पाणी केवळ उताराने वाहत येई, जागोजागी हवा सुटण्यासाठी मनोरे बांधलेले. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीवर डोंगरातून आणलेले पाणी वरून पडून जाते फिरवी. पाण्यासाठी ऊर्जा खर्च करायची नाही, उलट पाण्याकडूनच ती घ्यायची. इथल्या संस्थांच्या अहवालांत मलिक अंबर येतो, नाही असे नाही. पण तो प्रास्ताविकात येतो, शोभेला. त्याचा उताराचा हिशेब पुढच्या एकाही तक्त्यात शिरत नाही. पूर्वजांचे गोडवे गाण्याचा मला उत्साह नाही. ती नहर आजच्या शहराला पुरणार नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. मुद्दा एवढाच, की मलिक अंबरला उंची-सखल माहीत होती आणि आमच्या लेखापरीक्षकाला ती विचारावीशी वाटत नाही.

लेण्यांचेही तसेच. मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा लेण्यांत पाऊल टाकताच अंगाची लाही थांबते, कारण डोंगराएवढा जाड दगड बाहेरच्या उन्हाला आत यायला वेळच देत नाही. गावातल्या जुन्या इमारतींच्या जाड भिंती, उंच छत, खोल व्हरांडे यांच्यामागे तीच समज होती. आजची पश्चिमेला काचा लावलेली इमारत आधी ऊन आत घेते आणि मग विजेने बाहेर काढते. नंतर त्याच इमारतीच्या दारात ‘ऊर्जा वाचवा’ची पाटी. व्हरांड्याला खूण नाही. सकाळच्या शाळेलाही नाही. उन्हाळ्यात सात ते साडेअकरा वर्ग भरवण्याची आमची जुनी रीत ही फुकटातली केवढी मोठी वीजबचत आहे! पण तिचा फोटो काय काढणार?

हे कुणा एका संस्थेचे गाऱ्हाणे नाही, आणि केवळ कागदी गाऱ्हाणेही नाही. प्रश्नच चुकीचा असला की बचतीची कुऱ्हाड भलत्याच जागी पडते. वरून ‘वीज वाचवा’ असे पत्र आले, की सर्वांत आधी अभ्यासिकेचे दिवे दहाला बंद करण्याची सूचना निघते. केबिनचा एसी त्या सूचनेत नसतो. मराठवाड्यातल्या वसतिगृहांत राहणारी बरीच मुले शेतकऱ्यांच्या घरची. शेतीपंपाला वीज आलटून पालटून मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या पाळीत रात्री दोनला मोटार चालू करायला ज्याचा बाप उठतो, त्याला युनिटची किंमत शिकवायला पोस्टर लागत नाही. त्याला रात्री वाचायला उजेड लागतो. अभ्यासिकेतल्या वीस वॅटच्या पन्नास ट्यूब मिळून एक हजार वॅट होतात, एका एसीपेक्षा कमी. चौरस मीटरमागे आणि विद्यार्थ्यामागे आकडे मांडले असते तर ही तुलना आपोआप समोर आली असती आणि ते पत्र काढताना कुणीतरी अडखळले असते.

श्रेणी देण्याऐवजी ‘मान्यता आहे’ किंवा ‘नाही’ अशी दुहेरी पद्धत आणणार असल्याचे नॅकने २०२४ मध्ये जाहीर केले. नव्या रचनेत ऊर्जेचा प्रश्न कसा विचारला जातो याकडे लक्ष ठेवायला हवे. माझी मागणी फार नाही. पाच वर्षांची वीजबिले आणि पॅनेलच्या मीटरचे वाचन अहवालाला जोडणे सक्तीचे करा. पाणी कुठून आणि किती उंच चढून आले, त्याची एक ओळ लिहायला लावा. नांदी-भरतवाक्य राहू द्या हवे तर.

आणि हे अशक्य नाही, हे मी पाहिले आहे. एका लहान महाविद्यालयात अहवाल मागायला गेलो होतो. चकचकीत बांधणीची प्रत हातात ठेवून कार्यालयातले गृहस्थ चहाला उठले. तेवढ्यात पंपाचे काम पाहणारे शिपाईमामा म्हणाले, “आमचीबी एक वही हाय, बघता का?” शाळेची दोनशे पानी वही. रोज सकाळी सहाला घेतलेले मीटरचे वाचन, सहा-सात वर्षांचे, कुणी न सांगता. सुट्ट्यांचे दिवस लाल पेनाने. वजाबाक्या पेन्सिलीने. त्या वहीचा उल्लेख चकचकीत अहवालात कुठेही नव्हता. मे महिन्यातल्या एका रविवारी, महाविद्यालय बंद असताना, आकडा एकदम चढलेला दिसला. समोर शेरा होता: ‘वरची टाकी रात्रभर वाहिली. बॉल कॉक मागितला.’ पुढच्या पानावर, अकरा दिवसांनी: ‘बॉल कॉक बसवला.’ आणि तिथून पुढचे आकडे उतरलेले.