‘ख्रिस्ती’ ही संज्ञा व ‘क्रिस्तपुराणा’चे पाठ

जुन्या पोथ्या छापतांना लेखनशुद्धि करण्याची संपादकांची हौस सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याविषयीं नवी तक्रार मांडावी असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु एका शब्दापाशीं ही हौस केवळ ऱ्हस्वदीर्घापुरती राहत नाहीं, माणसांची ओळखच बदलून टाकते. क्रिस्तांव, किरिस्ताव, ख्रिस्तशिष्य अशीं निरनिराळीं नांवें कागदांत आलीं असतां सर्वांच्या जागीं सरसकट ‘ख्रिस्ती’ छापणें, हा तो प्रकार होय.

मूळ नांव या लोकांनीं स्वतः घेतलेलें नाहीं. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत अंत्युखिया नगरांत शिष्यांना हें नांव पडल्याचें सांगितलें आहे. संपूर्ण नव्या करारांत तें अवघें तीन वेळां येतें. दुसऱ्यांदा तें राजा अग्रिप्पाच्या तोंडीं आहे, व तिसऱ्यांदा, पेत्राच्या पहिल्या पत्रांत, छळाच्या प्रसंगानें आलें आहे. त्याचा प्रत्यय लॅटिन वळणाचा असून एखाद्या धन्याच्या पक्षाचा माणूस दाखवितो. संस्कृताच्या अभ्यासकास येथें पाणिनीची आठवण व्हावी. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत ‘भक्ति’ या अर्थीं होणारे प्रत्यय सांगतांना त्यानें ‘वासुदेवक’ हें रूप साधिलें आहे; वासुदेव ज्याच्या भक्तीचा विषय, तो वासुदेवक. आमच्या ‘ख्रिस्ती’ शब्दांतील ईकार मात्र वऱ्हाडी, कोंकणी, इंग्रजी यांतला आहे. तो नुसता संबंध सांगतो. त्या संबंधांत भक्ति आहे कीं नुसता जन्म आहे, हें सांगत नाहीं. ‘क्रिस्तांव’ तर पोर्तुगेजांचा शब्द जसाच्या तसा कोंकणींत उतरलेला. त्यास आमच्या व्याकरणाचा प्रत्ययच लागलेला नाहीं.

आतां फादर स्टीफन्सच्या पुराणाकडे वळूं. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ मध्यें वारला. त्याचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं मंगळुरास तें पुनः रोमन लिपींतच छापिलें. देवनागरी आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं काढिली. दरम्यान, लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांनीं १९२३ सालीं विद्वानांच्या नजरेस आणून तोच मूळ पाठ होय असें प्रतिपादिलें. छापील पाठांत जेथें पोर्तुगेज वा लॅटिन शब्द आहेत, तेथें या हस्तलिखितांत पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आढळतात.

कानास हा दुसरा पाठ गोड लागतो, यांत शंका नाहीं. परंतु गोडी हें प्राचीनत्वाचें प्रमाण नव्हे. परके शब्द काढून स्वकीय घालणारा सुधारक मागाहून सहज संभवतो. स्वकीय शब्द काढून परके घालणारा क्वचितच. शिवाय स्टीफन्सनें ‘परमेश्वर’ घेतला, ‘वैकुंठ’ घेतलें. देव व स्वर्ग यांना आमचीं नांवें देण्यास तो कचरला नाहीं. चर्च व तेथील संस्कार यांचे शब्द मात्र त्यानें परके ठेविले. हा दारिद्र्याचा परिणाम नव्हे, ही सीमा आहे. ‘क्रिस्तांव’ हा त्याच सीमेवरचा शब्द. तो पुसून ‘ख्रिस्ती’ लिहिणारा संपादक सीमेचा दगड उपटतो, मग त्याचा हेतु कितीही शुद्ध असो.

नांव ठेवणारा आपल्या डोळ्यांस जें दिसलें तेंच ठेवितो. आमच्या साजगांवीं विठोबाच्या यात्रेंत सुक्या मासळीचा बाजार भरतो, म्हणून देवासच लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात! विठोबाचें विठोबापण या नांवांत शोधूं जाणाऱ्यास बाजारच सांपडेल. उलट, मुंबई-साष्टीकडील ख्रिस्ती मंडळींनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, स्वतः होऊन ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. गोव्याहून येणाऱ्यांहून आपण निराळे, हें त्यांस दाखवावयाचें होतें. वसईकडे ‘सामवेदी ख्रिस्ती’ म्हणतात. तेथें धर्मांतरापूर्वींची जात व धर्म एकाच नांवांत नांदत आहेत. यांतला अर्धा भाग सूचिकारानें गाळला, तर इतिहासच अर्धा गेला.

नारायण वामन टिळकांची गोष्ट याहून निराळी. बाप्तिस्मा १८९५ सालीं घेतला. बावीस वर्षांनीं, १९१७ मध्यें, त्यांनीं मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही जागा ठेविली. पाणिनीच्या भाषेंत बोलावयाचें तर, त्यांना ‘वासुदेवका’चा प्रत्यय हवा होता, ‘वऱ्हाडी’चा नव्हे. त्यांचा हा विचार मिशनमधील पुष्कळांस पटला नसावा, हें समजण्याजोगें आहे. जेथें नोंदवही असते तेथें नांव एकच लागतें.

सरकारी नोंदवहीचें तर विचारूंच नये. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठरला. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती आले नाहींत. म्हणजे आजोबांची जात व गांवकुसाबाहेरचें घर तेंच असूनही, ‘ख्रिस्ती’ या एका शब्दानें नातवाचा हक्क जातो. ज्या शब्दाचें मोल असें चुकतें करावें लागतें, तो संपादकाच्या सोयीसाठीं बदलण्याचा नव्हे.

संग्राहकांस आमचें एवढेंच मागणें आहे कीं, पोर्तुगेज अंमलाखालील अथवा मिशनसंबंधीं कागदांची यादी करितांना हा शब्द ज्या अक्षरांनीं लिहिला असेल त्याच अक्षरांनीं उतरावा. शेजारीं लिहिणाऱ्याचा धर्म व जात कागदावरून कळत असल्यास नोंदवावी. आणि तो शब्द त्यानें स्वतःस लाविला आहे कीं दुसऱ्यास, हेंही लिहावें.