दलदलीतील मोटार आणि सविकल्प समाधी

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) या चित्रपटाचे नाव निघाले की बोलणे न्हाणीघरातील खुनावर येते. तो प्रसंग गाजला, आणि गाजावा असाच आहे. परंतु दिग्दर्शकाचे खरे धाडस त्या प्रसंगात नसून त्यापुढच्या काही मिनिटांत आहे, असे आमचे मत आहे. जिच्या सोबतीने आपण फिनिक्स शहरापासून इथवर आलो, ती मेरियन क्रेन फरशीवर मरून पडली आहे. मोटेल चालविणारा तरुण नॉर्मन बेट्स धावत येतो, तोंडावर हात दाबून धरतो, आणि मग कामाला लागतो. प्रेत पडद्यात गुंडाळणे, टब धुणे, फरशी पुसणे, तिच्या चीजवस्तू गोळा करणे, सगळे मोटारीच्या डिकीत भरणे. शेवटी वर्तमानपत्राची एक गुंडाळी राहते, तीही तो आत भिरकावतो. तिच्यात जवळजवळ चाळीस हजार डॉलर आहेत हे आपणांस ठाऊक, त्याला नाही. मग मोटार दलदलीत ढकलली जाते. ती बुडू लागते आणि अर्धीअधिक बुडाल्यावर मध्येच थांबते. नॉर्मन भेदरून इकडेतिकडे पाहतो. प्रेक्षकाचा श्वास रोखला जातो. मोटार पुन्हा खाली सरकते, आणि श्वास सुटतो.

हा श्वास कोणासाठी रोखला होता? मेरियनसाठी खासच नव्हे. ती तर त्याच डिकीत आहे.

कोणी म्हणेल, त्या घटकेला प्रेक्षकाला सत्य कुठे ठाऊक असते? वेड्या आईचा गुन्हा झाकणारा आज्ञाधारक मुलगा एवढीच नॉर्मनची त्या वेळची ओळख, म्हणून कणव वाटते. आक्षेप वाजवी आहे. पण ज्यांनी हा चित्रपट दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा पाहिला असेल त्यांनी स्वतःला विचारावे. खुनी तोच आहे हे पुरते ठाऊक असूनही मोटार थांबली की श्वास थांबतोच. तेव्हा कारण अज्ञानात नाही. हिचकॉकने पात्रयोजनाही जाणून केली. रॉबर्ट ब्लॉकच्या मूळ कादंबरीतील (१९५९) नॉर्मन मध्यमवयीन, स्थूल आणि मद्याच्या आहारी गेलेला आहे. पडद्यावर आला तो अँथनी पर्किन्स: सडपातळ, लाजरा, बोलताना अडखळणारा.

'सहानुभूती' हा शब्द आपण व्यवहारात दयेच्या अर्थाने वापरतो. त्याची फोड केली तर अर्थ वेगळा निघतो: सह-अनुभूती, दुसऱ्याबरोबर अनुभवणे. नॉर्मनची आपणांस दया येते असे नाही; त्याचे काम काही काळ आपले काम होते. इथे आमच्या बडोद्याच्या वाचकांस न. चिं. केळकरांचे स्मरण व्हावे. १९२१ साली याच शहरात भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. रसिक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि एकाच वेळी दोन्हीकडे असण्यातच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. पुढे टीकाकारांनी तिच्यावर बराच खल केला. त्यात इथे शिरत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, भयपटाचा वा रहस्यपटाचा कुशल दिग्दर्शक त्या समाधीतला 'विकल्प' क्षणभर काढून घेतो. मोटार थांबते त्या क्षणी आपण केवळ नॉर्मन असतो.

ही किमया साधते कशाने? हेतू समजावून सांगून नव्हे, तर अडलेल्या कामाने. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) मधील ब्रूनो दुसऱ्याच्या बायकोचा गळा दाबून खून करतो, आणि त्या निरपराध नवऱ्यावर बालंट यावे म्हणून त्याचा सिगारेट-लायटर घटनास्थळी ठेवायला निघतो. वाटेत लायटर गटाराच्या जाळीतून खाली पडतो. ब्रूनो हात घालतो, बोटे ताणतो. लायटर बोटांना लागतो आणि निसटून आणखी खाली जातो. तिकडे तो नवरा टेनिसचा सामना लवकर संपवून ब्रूनोला गाठण्यासाठी धडपडतो आहे. न्यायाने आपण त्याच्या बाजूचे. तरी ती ताणलेली बोटे दिसली की आपलीही बोटे आखडतात.

'फ्रेन्झी' (१९७२) मध्ये हीच युक्ती हिचकॉकने निर्दय टोकाला नेली. लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डन बाजारातला फळविक्या रस्क याने बॅब्ज या तरुणीला मारून प्रेत बटाट्यांच्या पोत्यात भरले आणि पोते ट्रकमध्ये टाकले. मग ध्यानात येते की टायपिन तिच्या मुठीत राहिली. तो ट्रकमध्ये चढतो, तोच ट्रक चालू लागतो. प्रेत ताठलेले, मूठ उघडत नाही. शेवटी तो तिची बोटे एकेक करून मोडतो. हा मनुष्य काय करतो हे आधीच्या एका खुनात आपणांस असह्य वाटेल इतके दाखविले आहे, म्हणजे अज्ञानाची सबब नाही. तरीही ती पिन त्याला मिळावी असे मनाचा एक कोपरा म्हणतोच. आणि ती मूठ म्हणजे त्या मुलीची एकमेव साक्ष आहे. मरताना तिने धरून ठेवलेला पुरावा मोडला जावा अशी इच्छा दिग्दर्शक आपल्याकडून करवून घेतो. या प्रसंगातील विनोदाचे कौतुक आम्हीही वाचले आहे. आम्हांस तो विनोद घशाखाली उतरत नाही.

आमचा सेवाकाल महसूल खात्यात गेला. अपिलाच्या सुनावणीत ज्याचे म्हणणे आधी ऐकावे तो खरा वाटतो, आणि दुसरा बोलू लागला की पहिल्याचे रंग उतरतात, हा अनुभव त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकास येतो. या चित्रपटांत दुसऱ्या पक्षाला पुकारलेच जात नाही. तो डिकीत किंवा पोत्यात असतो.

म्हणूनच या प्रकारातील सर्वांत थोर कृती आम्ही हिचकॉकची मानत नाही. ती फ्रिट्झ लांगचा 'एम' (१९३१). लांगचा हा पहिला बोलपट. लहान मुलींना मारणाऱ्या बेकर्टची ही कथा, पण सुरुवात होते एका आईपासून. एल्सीची आई जेवणाची तयारी करून वाट पाहते, जिन्यात हाका मारते. रिकामा जिना, रिकामी ताटली. मग गवतातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दिसत नाही. गैरहजेरी मात्र अशी दिसते की पुढे काहीही घडो, ती ताटली डोळ्यांपुढून हलत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे लांगने आधीच नोंदवून घेतले.

अडलेल्या कामाची युक्ती त्यालाही ठाऊक आहे. कोंडला गेलेला बेकर्ट चाकूने कुलूप काढू पाहतो तेव्हा आपण अस्वस्थ होतोच. पण लांग तिथे थांबत नाही. शहरातील चोर-दरोडेखोर बेकर्टला पकडून एका ओसाड कारखान्यात त्याच्यावर खटला चालवतात. अध्यक्षस्थानी बसलेला म्होरक्या स्वतः तीन खुनांसाठी पोलिसांना हवा आहे. इथे पीटर लॉरे बोलू लागतो: आपल्या आतून कोणी पाठलाग करते, त्यापासून सुटका नाही, कृत्य घडते आणि मागाहून भिंतीवरचे जाहीरपत्रक वाचून कळते. घोगऱ्या, मध्येच किंचाळणाऱ्या आवाजात तो हे सांगतो. गर्दीतील काही माना नकळत हलतात. त्याच गर्दीत आयाही आहेत, आणि त्यांचा आक्रोशही आपण ऐकतो. मन बेकर्टकडे झुकते, आणि ताटली जागची हलत नाही. केळकरांचा विकल्प इथे शाबूत आहे.

या भाषणाचे पुढे जे झाले ते नमूद करण्याजोगे आहे. नाझी सत्ता आल्यावर १९३३ साली लांग आणि लॉरे दोघांनीही जर्मनी सोडली. लॉरे जन्माने ज्यू. १९४० साली नाझींनी ज्यूद्वेष पेटविण्यासाठी 'डेअर एविगे यूडे' हा प्रचारपट काढला, आणि त्यात लॉरेचे हेच भाषण कापून डकविले. आजूबाजूचे न्यायासन, बचाव मांडणारा वकील, रडणाऱ्या आया, सारे गाळले, आणि तोच चेहरा, तोच आवाज किळस उत्पन्न करण्याच्या कामी आला. एका पक्षाला गाळले की प्रेक्षकाला हवे तिकडे नेता येते, दयेकडेही आणि द्वेषाकडेही.

लांगच्या चित्रपटात मात्र पोलीस येतात, बेकर्टला खऱ्या न्यायालयापुढे नेतात, न्यायाधीश स्थानापन्न होतात, आणि शिक्षा काय झाली हे आपल्या कानी पडत नाही. कॅमेरा बाकावर बसलेल्या आयांकडे वळतो. एल्सीची आई म्हणते की याने मुले परत येणार नाहीत. आता मुलांकडे नीट लक्ष ठेवायला हवे. मग पडदा काळा होतो.