माळाला ‘अवनत जंगल’ म्हणण्यापूर्वी

चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेले भारतातील वनप्रकारांचे सुधारित सर्वेक्षण शाळेच्या ग्रंथालयात सहसा नसते. तरीही आपण वर्गात त्याचीच भाषा वापरतो. सदाहरित, आर्द्र पानझडी, शुष्क पानझडी, काटेरी वने ही भूगोलाच्या पुस्तकातील विभागणी याच परंपरेतून आली आहे. हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील वनांची पहिली मांडणी केली; १९६८ चे पुस्तक ही तिची वाढवलेली आवृत्ती. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २०११ व २०२० मध्ये काढलेले वनप्रकारांचे नकाशेही याच वर्गीकरणावर उभे आहेत. एखादे पुस्तक इतकी वर्षे टिकते तेव्हा त्यातील गृहीतकेही टिकून राहतात. त्यांपैकी एकाची तपासणी येथे करावयाची आहे.

प्रथम पुस्तकाचे श्रेय. पाऊस, तापमान, माती आणि प्रत्यक्ष आढळणाऱ्या वनस्पती यांची सांगड घालून एवढ्या मोठ्या देशातील वनांना सोळा गटांत बसवणे हे प्रचंड काम होते. प्रत्येक प्रकाराला संकेत दिल्याने सातपुड्यातील वनाधिकारी आणि म्हैसूरचा वनाधिकारी एकाच भाषेत बोलू लागले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

आमचा आक्षेप आहे तो एका छोट्या संकेताला. पाचव्या, म्हणजे शुष्क पानझडी वनांच्या गटात ‘५/डीएस-२’ अशी एक नोंद आहे : शुष्क सवाना वन. त्याआधी ‘डीएस-१’ म्हणजे झुडुपी रान, आणि ‘डीएस-४’ म्हणजे शुष्क गवताळ प्रदेश. यातील ‘डीएस’ ही अक्षरे कशाची? अवनतीच्या पायरीची. म्हणजे गवतात विखुरलेली झाडे दिसली, की तेथे पूर्वी दाट जंगल होते आणि तोड, चराई व वणवे यांनी ते खालच्या पायरीवर आले, हा निष्कर्ष नावातच बसवलेला आहे. जे सिद्ध करायचे तेच व्याख्येत घातले, की मग पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही.

या विचाराचे मूळ अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या १९१६ च्या ग्रंथात सापडते. प्रत्येक हवामानात वनस्पतिसमूहाची एक अंतिम अवस्था ठरलेली असते, अडथळे दूर केले की निसर्ग तिच्याकडेच वाटचाल करतो, असे ते मानत. आग आणि चरणारे प्राणी या मांडणीत ‘अडथळा’ ठरतात. ते त्या परिसंस्थेचेच घटक असू शकतात, ही शक्यता मागे पडते.

आता हे मावळात आणून पाहू. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे पंचवीस-तीस किलोमीटरवर, द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे सर्वांना ठाऊक झालेल्या उर्से गावापर्यंत येईतो तो निम्म्याहूनही खाली येतो. या पट्ट्यातील उघड्या टेकड्यांवर पावसाळ्यात गुडघाभर गवत असते, उन्हाळ्यात वणवे लागून उतार काळे पडतात. पुस्तकाप्रमाणे हे अवनत जंगल. उपायही ठरलेला : चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, जाळरेषा, सलग समतल चर आणि रोपलावणी.

पण अशा रानात झाडांची नैसर्गिक पुनर्निर्मिती कशी होते, हे नीट पाहिले की गणित बदलते. ऐन, पळस, कुंभा, धावडा ही आपल्या पानझडी रानातील झाडे. जूनमध्ये रुजलेले रोप पहिल्या वर्षी वर फारसे वाढत नाही. ते मूळ खाली उतरवते. उन्हाळ्यात शेंडा वाळतो किंवा वणव्यात जळतो, आणि पुढच्या पावसाला मुळाच्या मानेपासून नवा फुटवा निघतो. असे वर्षानुवर्षे चालते. वरून वीतभर दिसणाऱ्या रोपाचे मूळ मनगटाएवढे जाड असू शकते. अधेमधे दोन-चार वर्षे वणवा लागला नाही, तर साठवलेल्या अन्नाच्या बळावर फुटवा झपाट्याने ज्वाळांच्या उंचीपलीकडे जातो, जाड साल धरतो आणि झाड होतो. म्हणजे ‘पुनर्निर्मिती होत नाही’ असे जेथे नोंदवले जाते, तेथे पुष्कळदा ती गवताखाली थांबलेली असते.

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून काही तुकडे ठरावीक अंतराने जाळले जातात, काही मुळीच जाळले जात नाहीत. चार दशकांनंतर दिसले असे, की आगीमुळे झाडांच्या संख्येत विशेष फरक पडला नव्हता. फरक होता तो आकारात. आग रोखलेल्या तुकड्यांत मोठी झाडे वाढली. आग झाडे संपवत नव्हती, त्यांना बुटके ठेवत होती.

दुसरा महत्त्वाचा पुरावा पावसाचा. महेश शंकरन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र केली. सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर पाणीच झाडांना मर्यादा घालते. त्याहून जास्त पाऊस असेल तर आग व चराई असल्याशिवाय गवत टिकत नाही. भारतातला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, म्हणून हा आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरी त्यातून निघणारा प्रश्न उर्सेला लागू आहे. येथे पाऊस पुरेसा आहे. आग व गुरे थांबवली तर झाडे वाढतील. पण झाडे वाढली, एवढ्यावरून तेथे पूर्वी जंगल होते हे सिद्ध होते काय? होत नाही. बागेला पाणी बंद केले की निवडुंग वाढतो, म्हणून तेथे मुळात वाळवंट होते असे आपण म्हणत नाही.

जयश्री रत्नम व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला : ज्याला आपण ‘शुष्क वन’ म्हणतो त्यातील पुष्कळ भाग सवाना आहे, कारण त्याच्या तळाशी उन्हाशिवाय न जगणारे गवत आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते दाट सावलीत तग धरीत नाहीत. केवळ भारतीय सवानांतच आढळणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पतींची यादी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. चारदोनशे वर्षांच्या तोडीतून इतक्या खास जाती निर्माण होत नाहीत. त्यांना फार दीर्घ काळ लागतो. भाषेची साक्षही पाहण्यासारखी आहे. आयुर्वेदातील ‘जांगल’ देश म्हणजे दाट अरण्य नव्हे. विरळ झाडांचा, कोरडा, मोकळा मुलूख. आपला ‘जंगल’ हा शब्द त्यातूनच आला, आणि आपण त्याचा अर्थ उलटा करून बसलो.

मात्र नव्या मताचीही तितकीच कडक तपासणी हवी. प्रत्येक उघडी टेकडी प्राचीन सवाना आहे असे म्हणणे हीसुद्धा पुराव्याआधीची घाईच. माधव गाडगीळ व वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. अशा राया जेथे दाट व सदाहरित आहेत, तेथे भोवतालचा बोडका उतार खरोखरच तोडीचा परिणाम असू शकतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील सुप्याजवळ, चिंकारांसाठी प्रसिद्ध असलेल्या मयूरेश्वर अभयारण्यात हा तर्क चालणार नाही. उर्से या दोहोंच्या मध्ये पडते. म्हणूनच तेथे नावावरून निर्णय न घेता टेकडीवरून घेतला पाहिजे.

हे काम शाळेच्या आवाक्यातले आहे. उतारावर दहा मीटर लांबरुंद चौकोन आखावा. त्यातील प्रत्येक रोपाची उंची आणि जमिनीलगतची जाडी मोजावी. बुंध्याशी माती हलकेच सारून जुने जळके खुंट दिसतात का ते पाहावे. बुटके पण जाडजूड रोप म्हणजे जुना रहिवासी. गवतांचे नमुने जमवावेत. घाणेरी किती आहे ते लिहावे. जवळ देवराई असेल तर तिच्यातील झाडे टेकडीवर आहेत का ते ताडून पाहावे. गावातील वृद्धांना विचारावे : या भागाला पूर्वीपासून माळ म्हणत, कुरण म्हणत, की रान? हीच नोंद दरवर्षी त्याच चौकोनात केली, तर पाच वर्षांत पुस्तकात नसलेली माहिती हाती येईल.

हा शब्दांचा वाद नव्हे. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते आणि त्यात शाळांचा मोठा सहभाग होता. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे दाटीने लावल्यावर तळाचे गवत कसे नाहीसे होते, हे कोणालाही चालत जाऊन पाहता येते. चर खणताना गवताची जुनी थोंबे आणि ऐन-पळसाची वाट पाहत थांबलेली मुळे तुटतात, आणि त्यांच्या जागी आपण पिशवीतले रोप लावतो. जे आपोआप उगवले असते ते उपटून त्याच जागी लावणी करणे, याला संवर्धन म्हणता येत नाही.

संरक्षण नको असे आम्ही म्हणत नाही. दरवर्षी लागणारा वणवा आणि बारमाही चराई कोणत्याही रानाला सोसत नाही. पण कधीच आग नाही आणि दरवर्षी आग यांच्यामध्ये पुष्कळ पर्याय आहेत, आणि कोणता योग्य हे ठिकाणागणिक ठरेल. चॅम्पियन-सेठ यांचे पुस्तक यासाठी अजूनही उपयोगी आहे. त्यातील वर्णने ठेवावीत, ‘डीएस’ ही दोन अक्षरे मात्र प्रश्नचिन्हासह वाचावीत. येत्या जुलैत मुलांच्या हाती कुदळ देण्याआधी एकदा त्यांच्या हाती मोजपट्टी द्यावी.